छायाचित्र स्वस्त झाले, जपणूक महागली

बारामती : कॅमेऱ्यात ३६ फोटोंचा रोल होता, तोवर बटण दाबण्याआधी छायाचित्रकाराला विचार करावा लागे. लग्नाला तीन रोल नेले, की साखरपुड्यापासून पाठवणीपर्यंतचा सारा सोहळा शंभरेक चौकटींत बसवायचा, असा हिशेब असे. आज एका लग्नात हजारो छायाचित्रे निघतात आणि मांडवातील प्रत्येक पाहुण्याच्या खिशात कॅमेरा असतो. अशा वेळी व्यावसायिक छायाचित्रकार नेमका कशाचे पैसे घेतो आणि त्याने टिपलेले पुढे कोण सांभाळतो, हे दोन प्रश्न बारामती व इंदापूर तालुक्यांतील स्टुडिओंपुढे उभे आहेत.

प्रिंटवरची कमाई गेली

डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी तयार केला. फिल्मच्या व्यवसायावर उभी असलेली हीच कंपनी जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोचली. दरम्यान २००३ मध्ये कॅननने एक हजार डॉलरच्या आतील किमतीचा डिजिटल एसएलआर कॅमेरा बाजारात आणला आणि हे तंत्र छोट्या शहरांतील स्टुडिओंच्याही आवाक्यात येऊ लागले. निकॉनच्या डी-९० या कॅमेऱ्यात २००८ मध्ये चित्रीकरणाची सोय आली, तेव्हा फोटो आणि व्हिडिओ यांतील भिंतही पडली.

फिल्मच्या काळात रंगीत रोल शहरातील लॅबमध्ये धुवायला जाई. प्रिंट येईपर्यंत ग्राहकालाही थांबावे लागे. कमाई मुख्यतः प्रिंटवर होती. निगेटिव्ह स्टुडिओच्या कपाटात राहत असल्याने जादा प्रत, मोठा फोटो किंवा फ्रेम यासाठी ग्राहक त्याच दुकानात परत येई. डिजिटलमध्ये प्रत्येक फोटोमागचा खर्च जवळजवळ संपला. पण त्याबरोबर पुन्हा काढायच्या प्रतीचे उत्पन्नही संपले. आता ग्राहक साऱ्या फाइल्स पेन ड्राइव्हवर घेऊन जातो.

पासपोर्ट आकाराच्या फोटोचेही तसेच झाले. आधार नोंदणीत, तसेच पासपोर्ट सेवा केंद्रात अर्जदाराचे छायाचित्र तेथेच काढले जाते. त्यामुळे नाव पासपोर्टचे राहिले आणि काम मात्र शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश, बँकेचे खाते, नोकरीचे अर्ज एवढ्यापुरते उरले. ही कामेही आता मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन होत असल्याने कागदी प्रतीऐवजी ठरावीक आकाराची फाइल मागितली जाते.

पंचांगावर चालणारा व्यवसाय

छायाचित्रकाराचे वर्ष पंचांग ठरवते. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. याच सुमारास माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात उसाचा गाळप हंगाम जोरात असतो. उसाचे बिल हाती आले, की लग्नाच्या खर्चाचा हात सैल होतो, हे या भागात नवे नाही. आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतो आणि मुहूर्तांबरोबर मिळकतही आटते. कॅमेऱ्याचे हप्ते मात्र बाराही महिने चालू राहतात.

एकादशीपूर्वी संत तुकाराम महाराजांची पालखी या दोन्ही तालुक्यांतून जाते. काटेवाडीतील मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीतील गोल रिंगण टिपण्यासाठी दुरून छायाचित्रकार येतात. अश्व धावतो तो काही क्षणच. त्यासाठी जागा आधी हेरावी लागते, प्रकाशाची दिशा ओळखावी लागते आणि गर्दीत तासन् तास उभे राहावे लागते. संदेश भंडारे यांच्यासारख्या छायाचित्रकाराने वारीवर पुस्तक केले, ते अशाच दीर्घ सोबतीतून. अशा कामाला मान मिळतो. घरखर्च भागवण्यासाठी मात्र बहुतेकांना लग्नाच्याच ऑर्डरवर अवलंबून राहावे लागते.

पाणवठा आणि माळरान

लग्नाखेरीज दुसरी वाट डिजिटलनेच दाखवली. भीमा नदीवरील उजनी धरणाच्या फुगवट्यामुळे इंदापूर तालुक्यात भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या परिसरात विस्तीर्ण पाणथळ तयार झाली. हिवाळ्यात येथे रोहित, अर्थात फ्लेमिंगो, आणि पट्टकदंब उतरतात. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकारांसाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे. इंदापुरातील कडबनवाडी आणि बारामतीतील शिर्सुफळ येथील माळरानांवर वन विभागाने २०२४ मध्ये गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली.

येथे मोबाइलचे फारसे चालत नाही. पक्षी दूर असतो. लांब पल्ल्याची लेन्स आणि पहाटेपासूनचा संयम लागतो. तरीही फ्लेमिंगोच्या छायाचित्रांचा समाजमाध्यमांवर असा पूर आला आहे, की नुसते छायाचित्र विकून पोट भरणे अवघड. त्यामुळे पक्ष्यांची माहिती देणे, शिकाऊ छायाचित्रकारांच्या कार्यशाळा घेणे हा मार्ग काही जण धरतात. कुंभारगावच्या मच्छीमारांनीही पर्यटकांना नावेतून पक्षी दाखवण्याचा जोडधंदा उभारला आहे. जवळून फोटो मिळावा म्हणून नाव थव्यात घुसवली, तर पक्षी उठतात आणि चरणे सोडतात. हे भान सुटले, तर ज्यावर धंदा आहे तेच हातचे जाईल.

ड्रोनची मागणीही वाढली. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा, तर प्रमाणित चालक लागतो. बारामतीला विमानतळ असल्याने ड्रोन उडवण्यापूर्वी हवाई हद्दीचा नकाशा पाहणे आवश्यक ठरते. अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय तो नेता येत नाही.

साठवणुकीचे गणित

ग्राहकाला न दिसणारा खर्च सोहळ्यानंतर सुरू होतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातील एक कच्ची फाइल साधारण २५ एमबीची धरली, तर चार हजार छायाचित्रांना १०० जीबी जागा लागते. फोर-के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने केले, तर तासाला ४५ जीबी. चार तासांचे १८० जीबी. म्हणजे एका लग्नाचे २८० जीबी झाले. सुरक्षित साठवणुकीसाठी तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, हा संकेत पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने रूढ केला. तो पाळला, तर हंगामातील ३० लग्नांना सुमारे २५ टीबी जागा हवी. शिवाय सव्वा लाखाच्या आसपास वेळा शटर पडते. अनेक कॅमेऱ्यांच्या यांत्रिक शटरचे अपेक्षित आयुष्यच दीड ते दोन लाखांचे असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या आज्ञावलींमुळे फोटोंची निवड आणि रंगदुरुस्ती झपाट्याने होते. मात्र कोपऱ्यात बसलेली आजी नवरीकडे पाहते आहे, हीच चौकट घरच्यांना उद्या हवी असणार, हे ओळखण्यासाठी माणूस तेथे लागतो. ग्राहक पैसे देतो ते या नजरेचे आणि वेळेचे. जपणुकीचे पैसे सहसा कोणीच मोजत नाही. हार्ड डिस्क पूर्वसूचना न देता बंद पडते. गुगलनेही छायाचित्रांची मोफत अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून थांबवली.

मालकी कोणाची?

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा ग्राहक असतो. त्यामुळे लग्नाचा फोटो जाहिरातीसाठी वापरायचा असेल, तर स्टुडिओने ग्राहकाची लेखी संमती घेणे हिताचे. भिगवणला स्वतःहून जाऊन टिपलेल्या पक्ष्याच्या छायाचित्रावर मात्र हक्क छायाचित्रकाराचाच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत प्रसिद्धीपासून ६० वर्षे होती.

मालकी ग्राहकाची असली, तरी जपणुकीची जबाबदारी कोणाची, हे बहुधा ठरलेलेच नसते. ऑर्डर घेतानाच फाइल्स किती महिने ठेवणार, त्याचे शुल्क किती आणि त्यानंतर काय, हे कागदावर आले तर पुढचा वाद टळतो. निवडक पन्नास-शंभर फोटोंच्या चांगल्या कागदावरील प्रती घरात ठेवणे, हा अजूनही खात्रीचा उपाय आहे.

जपणूक किती मोलाची, हे इंदापूर तालुक्याला वेगळे सांगायला नको. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमाकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. जुन्या पळसदेवचे मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले, की दिसते. गावातील घरे, पार, बाजार आता दिसत नाहीत. त्या वेळचे एखादे कृष्णधवल छायाचित्र कोणाच्या ट्रंकेत वा स्टुडिओच्या कपाटात असेल, तर त्या गावाचे रूप तेवढ्यातच उरले आहे. पावसाळी दमटपणात निगेटिव्हवर बुरशी चढते. म्हणून जुन्या स्टुडिओंतील निगेटिव्ह वेळीच स्कॅन होणे आणि गावाच्या ग्रंथालयात त्यांची एक प्रत असणे, हे काम आता लांबणीवर टाकण्याजोगे नाही.