कॅम बदलला की गाडी सुसाट सुटते?

बंगळूरच्या जे. सी. रोडवर स्पेअर पार्टच्या दुकानांपुढे गाड्यांच्या गप्पा निघाल्या की ‘मोठा कॅम टाक, गाडी उडेल’ हा सल्ला हमखास मिळतो. कॅमशाफ्ट ठरवतो तीन गोष्टी: व्हॉल्व कधी उघडायचा, किती उचलायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा. यातला ‘किती वेळ’ म्हणजे ड्युरेशन. ते क्रँकच्या अंशांत मोजतात.

गैरसमज: ड्युरेशन वाढलं की ताकद सगळीकडे वाढते.

वस्तुस्थिती: ताकद जागा बदलते. समजा, पिस्टन वर पोचायला १० अंश बाकी असताना इनलेट उघडतो आणि पिस्टन तळाला जाऊन परत फिरल्यावर ५० अंशांनी मिटतो. १० + १८० + ५० म्हणजे ड्युरेशन २४० अंश. एक्झॉस्टही तेवढाच धरला, तर दोन्ही व्हॉल्व एकाच वेळी २० अंश उघडे राहतात. हा ओव्हरलॅप. आता मध्यबिंदू तेच ठेवून २८० अंशांचे कॅम बसवा. ड्युरेशन एक-षष्ठांशानं वाढलं, पण ओव्हरलॅप ६० अंश, म्हणजे थेट तिप्पट झाला.

७००० आरपीएमला हे ६० अंश जेमतेम १.४ मिलिसेकंदांत सरतात. बाहेर धावणारा जळका वायू आपल्यामागे ताजं मिश्रण ओढतो. इनलेट उशिरा मिटला तरी आत घुसणारी हवा आपल्या वेगानं भरतच राहते. इथे ताकद खरोखर वाढते. ९०० आरपीएमला मात्र तेच ६० अंश ११ मिलिसेकंद चालतात. तेवढ्या वेळात जळका वायू उलटा सिलिंडरमध्ये आणि इनटेकमध्ये शिरतो. वर चढणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण उघड्या इनलेटमधून परत ढकलतो, म्हणून दाबही कमी पडतो आणि खालचा पिकअप जातो. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच आहे, त्यामुळे इथली हवा आधीच विरळ. सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीत असा कॅम टाकायला माझा ठाम विरोध आहे.

गैरसमज: अडखळता, डुलणारा आयडल म्हणजे दणकट इंजिन.

हा ठेका ताकदीचा नाही. उलट शिरलेल्या वायूमुळे एखाद्या फेरीत मिश्रण नीट पेटतं, एखाद्या फेरीत पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून निघून जातं आणि पीयूसीच्या तपासणीत हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. इनटेकमधला व्हॅक्यूम घटतो, त्यामुळे कारचा ब्रेकही जड लागू शकतो. निव्वळ आवाजासाठी ही किंमत फार झाली.

आवाजाचं श्रेय तर बऱ्याचदा भलत्यालाच दिलं जातं. ओतीव लोखंडी इंजिनाच्या जुन्या ३५० बुलेटची धडधड घ्या. एकच सिलिंडर, ७० मिमी बोअर, ९० मिमीचा लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील आणि त्यामुळे जमणारा संथ आयडल. ती धडधड यातून येते. रॉयल एनफील्डच्या ६५० ट्विनचा विषम ठेका २७० अंशांच्या क्रँकमुळे आहे. एक स्फोट २७० अंशांनी होतो, पुढचा ४५० अंशांनी. कॅमचा त्यात संबंध नाही.

गैरसमज: यामाहाच्या आरएक्स १०० मोटरसायकलची धार तिच्या कॅममुळे.

तिला कॅमच नाही! ती टू-स्ट्रोक. सिलिंडरच्या भिंतीतले पोर्ट पिस्टनच उघडतो आणि झाकतो. ड्युरेशनचं काम तिथे पोर्टची उंची करते, म्हणून मिस्त्री पोर्ट घासतात.

खाली पिकअप आणि वर धाव, दोन्ही हवं असेल तर एका कॅमवर भागत नाही. यामाहानं २०१८च्या आर१५मध्ये इनलेटला कॅमचे दोन उंचवटे दिले. ७४०० आरपीएमला इंजिन एकावरून दुसऱ्यावर जातं.

राहिला कॅमच्या डब्यावरचा ड्युरेशनचा आकडा. कुणी व्हॉल्व जेमतेम हलल्यापासून मोजतं, कुणी १ मिमी उचलल्यापासून. त्याच कॅमच्या दोन आकड्यांत सहज ४० अंशांचा फरक पडतो. तेव्हा कॅम घेताना मोजमाप कुठून केलंय ते आधी विचारा आणि बसवण्यापूर्वी पिस्टन व व्हॉल्व यांच्यातली मोकळीक मिस्त्रीकडून मोजून घ्या. ओव्हरलॅपमध्ये दोघं अगदी जवळ येतात, आणि तिथे टक्कर झाली की व्हॉल्व वाकतो.