गाडी चार्ज करायची कुठं आणि कशी?

इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की आम्हाला हमखास ऐकू येतं, "घ्यायची आहे हो, पण आमच्याकडे चार्जिंगची सोय नाही." आज तेवढंच बघू.

आधी एक गैरसमज. भिंतीवर बसवतात त्या पेटीला आपण चार्जर म्हणतो, पण खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. घरात येते ती एसी वीज, बॅटरीला लागते डीसी. हा बदल गाडीतला ऑन-बोर्ड चार्जर करतो. भिंतीवरची पेटी म्हणजे एक शहाणा, सुरक्षित स्विच. "इतके अँपिअर घे" असं ती गाडीला सांगते, एवढंच. हे आम्ही पैसे घालवून शिकलो. हौसेनं ७.२ किलोवॉटची पेटी लावून घेतली आणि गाडी काही ३.३ च्या वर घेईना. तिचा ऑन-बोर्ड चार्जरच तेवढा! विकणाऱ्यानं सांगितलं नाही, आणि खरं म्हणजे आम्हीही विचारलं नाही.

आता साधा हिशोब करू. गीझरला असतो तसा १५ अँपिअरचा सॉकेट साधारण ३ किलोवॉट देतो. म्हणजे ३० युनिटची रिकामी बॅटरी भरायला दहा-अकरा तास. ऐकून माणूस घाबरतो. पण रोज रिकामी कोण करतं? शहरात दिवसाला ४० किलोमीटर धरा. एका युनिटमध्ये गाडी सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे खर्च झाले सहा-सात युनिट. ते दोन-अडीच तासांत भरून निघतात, आणि गाडी तर रात्रभर उभीच आहे. ७.२ ची पेटी हाच वेळ निम्म्याहून कमी करते, अर्थात गाडी तेवढं घेत असेल तर. घरात दोन गाड्या असतील किंवा रोजचं फिरणं जास्त असेल, तर ती जरूर घ्या.

तिसरा प्रकार हायवेवरचा, डीसी फास्ट चार्जिंग. इथं एसीचं डीसी करणारं यंत्र स्टेशनवरच असतं, कपाटाएवढं. ऑन-बोर्ड चार्जरला वळसा घालून वीज थेट बॅटरीत जाते. लहान बॅटरीची गाडी साधारण तासाभरात ८० टक्क्यांपर्यंत येते. पुढचे २० टक्के मात्र रेंगाळतात. लोकल रिकामी असते तेव्हा माणसं धडाधड चढतात, भरत आली की एकेकाला जागा शोधावी लागते, तसंच. म्हणून प्रवासात ८० ला गन काढा आणि निघा. मागे रांगेत कुणीतरी उभं असतंच. आणि इथं युनिटचा दरही घरच्यापेक्षा बराच जास्त.

घरच्या सॉकेटबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. गीझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी तासन्‌तास पूर्ण लोड ओढते. जुनी वायर, सैल सॉकेट असेल तर तो तापतो, वितळतो, आगही लागू शकते. त्यामुळे एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. वायरमनकडून मीटरपासून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी घ्या. अर्थिंग तपासून घ्या. ते नीट नसेल तर बऱ्याच गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत, आणि लोक गाडीला शिव्या देतात. विजेच्या बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तोही बघा. एसी, गीझर आणि गाडी एकदम चालू झाली तर पुरेल का?

सोसायटीत अडचण विजेची कमी आणि मीटिंगची जास्त. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या सध्याच्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. कमिटीसमोर तोंडी वाद घालू नका. वायर कुठून जाणार, एमसीबी कुठं बसणार, बिल कुणाच्या मीटरवर येणार, हे एका कागदावर आखून लेखी अर्ज द्या. पार्किंगमधला कॉमन सॉकेट गुपचूप वापरणारे आम्ही पाहिलेत. त्यांच्यामुळे पुढच्या दहा जणांची परवानगी अडते.

चला, आता प्रश्न घेऊ. मागून कुणीतरी हात वर केलाय... "पावसात चार्ज केलेली चालते का?" चालते. गन नीट बसून गाडी आणि चार्जरचं बोलणं झाल्याशिवाय तिच्यात मुख्य प्रवाह येतच नाही. पेटी उघड्यावर लावण्याजोगी हवी, आणि साधा सॉकेट असेल तर तो छपराखालीच हवा.