लिपिपरिवर्तन आणि वाङ्मयपरंपरा

भारतातील सर्व भाषांना जोडणारी एक लिपी असावी, हा विचार विसाव्या शतकात अनेक वेळा मांडला गेला. सुनीतिकुमार चटर्जी यांनी रोमन लिपीचा पुरस्कार केला. प्रत्येक भाषेने स्वतःच्या लिपीच्या जोडीने नागरीही वापरावी, असे विनोबांनी सुचविले. या वादात एक भीती नेहमी व्यक्त होते, ती अशी की, लिपी गेली की तिच्यातील वाङ्मयही जाते. ही भीती कितपत साधार आहे, हे केवळ तर्काने ठरणार नाही. ज्या समाजांनी लिपी खरोखरच बदलली, त्यांच्या वाङ्मयाचे पुढे काय झाले, हे पाहिले पाहिजे. तुर्कस्तान आणि व्हिएतनाम ही त्याची दोन बोधप्रद उदाहरणे होत.

तुर्की भाषेत आठ स्वर आहेत, आणि अर्थभेद पुष्कळदा त्यांच्यावरच अवलंबून असतो. अरबी लिपीत स्वरदर्शक अक्षरे मोजकीच असल्यामुळे ‘झाला’ आणि ‘मेला’ या अर्थांची दोन भिन्न तुर्की क्रियापदे एकाच रीतीने लिहिली जात. संदर्भावरूनच वाचकाने अर्थ ताडावयाचा. ही अडचण फार पूर्वीपासून जाणवत होती. १ नोव्हेंबर १९२८ रोजी मुस्तफा कमाल यांच्या राजवटीने २९ अक्षरांची लॅटिन वर्णमाला कायद्याने लागू केली आणि काही महिन्यांतच जुन्या लिपीतील मुद्रण थांबले. साक्षरताप्रसाराला नव्या लिपीची मदत झाली, हे निर्विवाद आहे.

परंतु १९३२ मध्ये भाषासंस्था स्थापन झाली आणि अरबी-फारसी शब्दांच्या जागी शुद्ध तुर्की शब्द योजण्याची चळवळ जोरात सुरू झाली. येथेच खरा छेद पडला. खुद्द मुस्तफा कमाल यांनी १९२७ मध्ये सहा दिवस केलेले ‘नुतुक’ हे प्रसिद्ध भाषण लॅटिन लिपीत सहज उतरले. तथापि पुढच्या पिढ्यांसाठी ते नव्या तुर्कीत पुन्हा मांडावे लागले. अक्षरे ओळखीची, पण शब्द अनोळखी, अशी ही अवस्था होती. एका राष्ट्रपुरुषाच्या भाषणाला त्याच्याच भाषेत भाषांतर लागावे, यावरून लिपीपेक्षा शब्दसंपत्तीचा वियोग किती खोल जातो, ते दिसते.

व्हिएतनामची कथा निराळी आहे. तेथे विद्वानांची भाषा शतकानुशतके चिनी होती. देशी भाषा लिहिण्यासाठी चिनी चिन्हांवरून ‘नोम’ ही लिपी घडविण्यात आली. तिच्यात पुष्कळदा चिन्हाचा एक भाग ध्वनी सुचवी आणि दुसरा अर्थ. ‘तीन’ या अर्थाचा ‘बा’ हा शब्द लिहिताना ‘बा’ ध्वनीचे चिन्ह आणि तीनचे चिनी चिन्ह यांचा संयोग केला जाई. साहजिकच, चिनी लिपी जाणणाऱ्यालाच नोम येत असे. दुसरीकडे, जेझुइट धर्मोपदेशकांनी सतराव्या शतकात लॅटिन अक्षरांत ही भाषा लिहिण्याची पद्धती सिद्ध केली. अलेक्झांडर द ऱ्होड यांचा कोश १६५१ मध्ये रोम येथे छापला गेला. फ्रेंच अमलात या पद्धतीला राजाश्रय मिळाला, आणि १९१९ मध्ये जुन्या परीक्षा बंद झाल्यावर तिचे वर्चस्व पूर्ण झाले.

असे असूनही न्गुएन झू यांचे ३,२५४ ओळींचे ‘किएऊची कथा’ हे नोममधील महाकाव्य जनमानसातून हलले नाही. सहा आणि आठ अक्षरांच्या आळीपाळीने येणाऱ्या ओळी, यमके आणि ठरावीक स्थानी येणारे सूर हा या काव्याचा प्राण आहे. नवी लिपी भाषेतील सहाही सूर वेगवेगळे दाखविते. शिवाय हे काव्य निरक्षरांच्याही मुखी होते. कानाने जपलेले काव्य डोळ्यांची सवय बदलली म्हणून नष्ट झाले नाही. गोव्यातील राचोल येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलेले फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ पुढे नागरीत आले, तेव्हाही त्याची ओवी ओवीच राहिली.

याचा अर्थ लिपी हा केवळ पोशाख आहे, असा मात्र नव्हे. उस्मानी दरबारी काव्यात प्रियेच्या उंचीला ‘अलिफ’ची, केसांच्या वळणाला ‘लाम’ची आणि इवल्या मुखाला ‘मीम’ची उपमा देण्याचा संकेत आहे. लॅटिन अक्षरांत शब्द उरतात, पण अलिफची सरळ रेघ डोळ्यांपुढे उभी राहत नाही. तिथे टीप द्यावी लागते. व्हिएतनाममध्येही मंदिरांवरील आणि शिलांवरील जुने लेख आज सामान्य नागरिकाला वाचता येत नाहीत. मराठीतही हेच घडले आहे. ग्रंथरचना प्रामुख्याने बाळबोधीत असल्याने संतवाङ्मय वाचकापासून तुटले नाही; पण पेशवे दफ्तरातील मोडी कागद वाचणारे आज थोडेच आहेत.

तात्पर्य, एक लिपीच्या कोणत्याही योजनेला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. नवी लिपी भाषेचे सर्व ध्वनी धारण करते काय? जुनी शब्दसंपत्ती शाळांतून शिकविली जाणार आहे काय? आणि जुनी लिपी वाचू शकणारा अभ्यासकवर्ग टिकविण्याची तरतूद आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर काव्य तरून जाते. उरलेल्या दोहोंची उपेक्षा झाली, तर काव्य कानी पडते. पण त्याचा अर्थ आणि त्यामागचा इतिहास मात्र परका होतो.