दिवाळीच्या भेटीसाठी लोकरीची टोपी

बाळंतविड्यात झबले, दुपटे, टोपडे आणि लोकरीचे मोजे ठेवायची पद्धत आपल्याकडे अजून टिकून आहे. मूल मोठे झाल्यावरही आई त्यातले काही कपाटात जपून ठेवते, आणि ते बहुधा आजीच्या, आत्याच्या किंवा मावशीच्या हातचे असते. दिवाळीच्या भेटी मात्र आपण दुकानातून आणतो. हाताने विणलेली वस्तू द्यायला खरे तर हाच सण सोयीचा, कारण दिवाळी झाली की थंडी पडते आणि दिलेली वस्तू लगेच अंगावर चढते. पहिल्यांदा विणणाऱ्याने स्वेटरच्या वाटेला जाऊ नये. बाह्या आणि गळा यांत उत्साह संपतो. वर्षाच्या मुलाची टोपी घ्यावी. टाके घालणे, सुलट, उलट, टाके कमी करणे, शिवण हे सगळे तिच्यात येते आणि ती पुरीही होते.

विणकामाची सगळी करामत एका फाशात आहे. डाव्या सुईवरच्या फाशातून उजव्या सुईने धागा ओढून घेतला की नवा फासा तयार होतो आणि जुना त्याच्या गळ्यात अडकून राहतो. धागा मागे ठेवून पुढून ओढला तर सुलट टाका, धागा पुढे घेऊन उलट बाजूने ओढला तर उलट टाका. दुसरे काही शिकायचे फारसे नसते. उलट टाका म्हणजे मागून पाहिलेला सुलट टाकाच. म्हणून एक ओळ सुलट आणि एक उलट विणली की पुढच्या बाजूला सरळ उभ्या वेण्या दिसतात आणि मागे आडव्या गाठी. अंगातला टी-शर्ट भिंगाखाली धरून पाहा, त्यातही ह्याच वेण्या दिसतील. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ साली मोजे विणायचे यंत्र तयार केले, आणि आज तिरुपूरच्या कारखान्यांत धडाधड निघणारे कापडही फाशात फासा घालूनच बनते. मागावरच्या कापडातले धागे सरळ असतात, म्हणून ते ताणत नाही. फासा मात्र ओढला की रुंद होतो आणि सोडला की पूर्ववत होतो. टोपी डोक्याला बसते ती यामुळे.

आता लोकर. आपल्या दुकानांत लोकर म्हणून जे मिळते ते पुष्कळदा अ‍ॅक्रिलिक असते. ते स्वस्त, रंगीत आणि मशीनमध्ये धुता येणारे असते, त्यामुळे हात बसवायला उत्तम. पण ते कृत्रिम आहे आणि आच लागली की वितळून कातडीला चिकटते. फुलबाज्या आणि पणत्यांच्या दिवसांत ही गोष्ट फार गंभीरपणे घ्यायला हवी. अ‍ॅक्रिलिकची टोपी घातलेले मूल फटाक्यांपाशी नेऊच नये. मेंढीची लोकर सहजासहजी पेटत नाही. शंका आली तर बोटभर धागा चिमट्यात धरून वाटीवर जाळून पाहावा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली तर ती खरी लोकर. काळा टणक मणी झाला तर कृत्रिम धागा. खऱ्या लोकरीतही फरक असतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला अव्वल, पण बाळाच्या कपाळाला ती टोचते. तिथे मेरिनोसारखी मऊ लोकर हवी. आणि मूल मुंबईत किंवा कोकणात राहत असेल तर लोकरीचा हट्ट सोडून सुती धागा घ्यावा. गुंडे घेताना सगळ्यांच्या लेबलवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते पाहावे, नाहीतर टोपीच्या मधोमध रंगाची रेघ उमटते. वर्षाच्या मुलाच्या टोपीला मध्यम जाडीची साधारण ५० ग्रॅम लोकर पुरते.

सुयांवर आपल्याकडे अजून जुने इंग्लिश क्रमांक चालतात. त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. या टोपीला ८ नंबर घ्यावी.

यानंतरचा टप्पा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. टोपीचे टाके घालण्याआधी त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर, १५ सेंटिमीटरचा एक चौकोन विणावा. तो धुवावा, वाळवावा आणि मग मधल्या भागावर पट्टी ठेवून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसल्या ते मोजावे. कडेला मोजू नये, तिथले टाके ओढलेले असतात. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कोणाचा आवळ, कोणाचा सैल. पुस्तकातला आकडा लिहिणाऱ्याच्या हाताचा असतो, तुमच्या हाताचा हा चौकोनच सांगतो.

समजा १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी आल्या. वर्षाच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ४५ ते ४६ सेंटिमीटर असतो. वहिनीला किंवा भाचीला फोन करून भुवयांच्या वरून आणि कानांच्या वरून टेप फिरवायला सांगितले तर अधिक चांगले. टोपी डोक्यापेक्षा थोडी लहान हवी, म्हणजे ती ताणून बसते. ४० सेंटिमीटर धरले तर ४० गुणिले २.२, म्हणजे ८८ टाके. हा आकडा सोयीचा आहे, कारण त्याला ४ ने भाग जातो आणि ८ नेही. ४ चा उपयोग काठाला, ८ चा माथ्याला. शिवणीत जाणारा दोन्ही कडांचा एकेक टाका मिळवला की झाले ९०. हात वेगळा असेल तर आकडे बदलतील, रीत हीच.

टाके घालताना दोन सुया एकत्र धरून त्यांवर घालावेत आणि मग एक सुई काढून घ्यावी. त्याने काठ सैल राहतो आणि कपाळावर वळ उठत नाहीत. पहिले ४ सेंटिमीटर कडेचे टाके सोडून २ सुलट, २ उलट असे विणायचे. परत येताना समोर जो टाका सुलट दिसेल तो सुलट, उलट दिसेल तो उलट. नुसते सुलट कापड काठाशी गुंडाळते, कारण त्याच्या दोन बाजूंचा ताण सारखा नसतो. सुलट आणि उलट आळीपाळीने आले की तो ताण तोलला जातो आणि काठ सपाट राहतो. पुढे ११ सेंटिमीटर होईपर्यंत एक ओळ सुलट, एक उलट. याच टप्प्यात हात आपोआप चालायला लागतो. डाळ शिजेपर्यंत दोन ओळी होतात, लोकलमध्ये बसायला मिळाले तर चार. कान मोकळे असतात, गप्पा आणि रेडिओ चालू राहतो. दिवसभर तुटक तुटक मिळणारा वेळ हातात साठत जातो, हे सुख विणणाऱ्यालाच कळते. एखादा टाका निसटून खाली शिडी पडली तर घाबरू नये. क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा फाशातून वर ओढत आणला की तो जागेवर येतो.

माथा हा टोपीचा सर्वांत देखणा भाग. ८८ टाक्यांचे ११-११ चे आठ भाग मनात धरायचे. सुलट ओळीला प्रत्येक भागात ९ सुलट, मग दोन टाक्यांचा मिळून एक. ओळीत आठ टाके कमी झाले. मागची ओळ नुसती उलट. पुढच्या सुलट ओळीला ८ सुलट आणि दोनाचा एक, त्यानंतर ७. असे दहा वेळा केले की कडेचे दोन धरून १० टाके उरतात, आणि तोवर आठ रेषा वळत वळत मध्याशी येऊन मिळतात. वीस ओळींत साडेसहा सेंटिमीटर उंची वाढते, म्हणजे टोपी साधारण साडेसतरा सेंटिमीटर होते. धागा हातभर राखून कापावा, उरलेल्या टाक्यांतून ओवून घट्ट ओढावा आणि त्याच धाग्याने बोथट टोकाच्या सुईने कडा शिवावी. एव्हाना जवळपास चार हजार टाके हाताखालून गेलेले असतात.

खरी लोकर कोमट पाण्यात बुडवून, न पिळता टॉवेलमध्ये दाबून, सपाट पसरून वाळवावी. गरम पाण्यात चोळली तर तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि टोपी आटून नमदा होते. अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री फिरवू नये.

लहान बाळासाठी विणताना बांधायचे बंद, मणी आणि सैल गोंडे लावायचा मोह टाळावा. बंद गळ्याभोवती आवळतात, मणी तोंडात जातात. मोजे विणलेत तर आतले धागे नीट ओवून टाका, सुटा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊ शकतो. आणि बाळ घरात झोपलेले असताना टोपी काढून ठेवावी, कारण बाळाच्या अंगातली जादा उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते. हे भेट देताना आईला सांगायला संकोच करू नये.

भेटीसोबत एक चिठ्ठी द्या: धागा कोणता, कसा धुवायचा. दोन हात उरलेला धागाही त्याच पाकिटात ठेवा, टोपी कुठे उसवली तर उपयोगी पडेल. आणि यंदाच्या दिवाळीला द्यायची असेल तर गणपती उठले की चौकोन विणायला घ्या.