शर्यतीच्या जुन्या मोटारी : मूळ कोणती व अस्सल कोणती

जुन्या कागदांची पारख करणारांस "अस्सल" व "नक्कल" हे दोन शब्द नित्याचे आहेत. शिक्का, अक्षर, कागद व मायना यांवरून पत्र धन्याच्या दप्तरांतून निघालेलें ठरलें म्हणजे तें अस्सल. त्यावरून कारकुनानें उतरून घेतलेली ती नक्कल. या जोडीनें आमचें बहुतेक काम भागतें. परंतु ज्या वस्तूचें जवळजवळ सर्व द्रव्य क्रमाक्रमानें बदललें, जिचें रूप अनेकदां पालटलें, आणि जिची ओळख मात्र एक दिवसही खंडित झाली नाहीं, अशा वस्तूस या दोहोंपैकीं काय म्हणावें? हा प्रश्न १९९० सालीं लंडनच्या उच्च न्यायालयापुढें आला, तो एका मोटारीच्या निमित्तानें. मोटारीचा विषय येथें पाहून कांहीं वाचक नाक मुरडतील. तथापि त्या निर्णयांतील विवेचन पोथ्यांचा संग्रह करणाराच्याही उपयोगाचें आहे अशी आमची समजूत असल्यामुळें ती हकीकत येथें देत आहों.

बेंटले मोटर्स ही इंग्रज कंपनी वॉल्टर ओवेन बेंटले यांनीं १९१९ सालीं काढली. फ्रान्समधील ल मां या शहराजवळ १९२३ सालापासून चोवीस तासांची शर्यत होऊं लागली होती. तींत दोन सारथ्यांनीं एकच गाडी आळीपाळीनें रात्रंदिवस हांकावयाची असे. बेंटले गाड्यांनीं ही शर्यत १९२४ सालीं व पुढें १९२७ पासून १९३० पर्यंत ओळीनें चार वेळां जिंकली. यांतील शेवटचे दोन विजय एकाच गाडीचे. साडेसहा लिटरच्या "स्पीड सिक्स" जातीची ही गाडी, नोंदणी क्रमांक एम. टी. ३४६४. १९२९ सालीं ती वुल्फ बार्नाटो व हेन्री बर्किन यांनीं हांकली, १९३० सालीं बार्नाटो व ग्लेन किड्स्टन यांनीं. बार्नाटो हे किंबर्लीच्या हिऱ्यांवर गबर झालेल्या घराण्यांतले, आणि त्या वेळीं कंपनीचा पैसाही बहुतांशीं त्यांचाच होता. एकाच गाडीनें ल मां येथें लागोपाठ दोनदां जिंकण्याचा हा पहिलाच प्रसंग. या गाडीस लोक "ओल्ड नंबर वन" म्हणूं लागले, आणि तेंच नांव पुढें न्यायालयांत वादाचें मूळ झालें.

१९३१ सालीं कंपनी बुडाली व रोल्स-रॉइसच्या हातीं गेली. गाडी मात्र थांबली नाहीं. ल मांच्या नियमांप्रमाणें अशा मोठ्या गाडीस चार आसनांचा प्रवासी टप लागे. उलट इंग्लंडांतील ब्रुकलंड्स येथें, १९०७ सालीं बांधलेल्या कलत्या भिंतींच्या सिमेंटी वाटेवर, वजन कमी व वेग अधिक एवढीच मागणी. तेथील पांचशें मैलांची शर्यत १९३१ सालीं जॅक डन्फी व सिरिल पॉल यांनीं याच गाडींतून जिंकली. दुसऱ्या वर्षीं त्याच शर्यतीसाठीं तींत आठ लिटरचें एंजिन बसविलें, सांगाडाही बदलला. २४ सप्टेंबर १९३२ रोजीं गाडी भरवेगांत भिंतीच्या माथ्यावरून पलीकडे गेली आणि जॅकचा भाऊ क्लाइव्ह डन्फी जागींच ठार झाला. बार्नाटो यांनीं मोडलेली गाडी पुन्हा उभी करविली आणि रस्त्यावर वापरण्यासाठीं तिच्यावर बंद टप चढविला. म्हणजे चार वर्षांच्या आंत एकाच नांवाखालीं तीन निरनिराळीं रूपें होऊन गेलीं.

एप्रिल १९९० मध्यें तत्कालीन मालकानें ही गाडी एक कोटी पौंडांस विकण्याचा करार केला. खरीददार कंपनीनें पुढें माघार घेतली. तिचें म्हणणें असें कीं, १९२९ व १९३० सालीं जिंकलेली गाडी ही नव्हेच. त्या गाडीचें नांव तेवढें हिला चिकटलें आहे. मालकानें करार पुरा करून मिळावा म्हणून दावा लाविला. न्यायमूर्ति ऑटन यांच्यापुढें दोन्ही बाजूंच्या जाणत्यांनीं गाडीचा एकेक अवयव तपासून साक्षी दिल्या. निष्पन्न झालें तें विकणारास सुखावह नव्हतें. १९२९ च्या गाडीचें म्हणून खात्रीनें काळ ठरवितां येईल असें कांहींच उरलें नव्हतें. १९३० च्या गाडीचे पेडलांचा दांडा, गियरपेटीचें कवच व सुकाणूचा खांब एवढेच अवशेष. सांगाडा व एंजिन हीं १९३२ च्या घडणीचीं.

इतकें मान्य करूनही जुलै १९९० मध्यें निकाल मालकाच्या बाजूनें लागला, आणि आमच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे ती त्याची कारणमीमांसा. न्यायमूर्ति म्हणतात, या गाडीस "मूळ" म्हणतां येणार नाहीं. ते शब्द तिला लागूच नाहींत. परंतु नवे भाग तींत अशा बेतानें व इतक्या अवधींत मिसळत गेले कीं, कोणत्याही एका क्षणीं जुनी गाडी संपून नवी सुरू झाली असें दाखवितां येत नाहीं. वरच्या दर्जाच्या शर्यतींत ती अखंड चार हंगाम धांवली. हें नांव सांगूं शकेल अशी दुसरी बेंटले अस्तित्वांत नाहीं, व नष्ट झालेल्यांतही नव्हती. विक्रीस होतें तें केवळ लोखंड नव्हे, लोखंडाबरोबर चालत आलेला इतिहास व लौकिकही होता. म्हणून गाडी "मूळ" नव्हे, पण खरीखुरी तीच.

हा भेद मराठींत मांडतांना एक मौज होते. "अस्सल" हा आमचा शब्द अरबी "अस्ल" यापासून आला, आणि अस्ल म्हणजे मूळ! व्युत्पत्तीनें जे दोन शब्द एक, त्यांच्यामध्यें या निकालानें कोटि पौंडांची दरी पाडली आहे. आमच्याकडे अवयव व नाम यांचा विचार मिलिंदपञ्हांत फार पूर्वीं झालेला आहे: आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, असें नागसेन राजाला विचारतो आणि रथ हें केवळ व्यवहाराचें नांव ठरवितो. नागसेनास स्थिर आत्मा नाहीं हें दाखवावयाचें होतें. न्यायालयास तें व्यवहाराचें नांव कोणाच्या हक्काचें एवढेंच ठरवावयाचें होतें, आणि त्या मर्यादेंत निकाल आम्हांस योग्य वाटतो.

एक राखण मात्र ठेविली पाहिजे. या प्रकरणीं नांव सांगणारी गाडी एकच होती. शर्यतीच्या पुष्कळ गाड्यांची कथा निराळी आहे. मोडलेला सांगाडा एकाच्या अंगणांत पडला, एंजिन दुसऱ्यानें नेलें. चाळीस वर्षांनीं दोघांनींही आपापल्या अवशेषांभोंवतीं गाडी पुरी केली, आणि एकाच क्रमांकाच्या दोन गाड्या बाजारांत आल्या. तेथें "दुसरा कोणी हक्कदार नाहीं" हें प्रमाण निरुपयोगी होतें. पानिपतावर पडलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाचें प्रकरण १७७६ सालीं मिटेपर्यंत पुण्याच्या कारभाऱ्यांस किती जड गेलें हें वाचकांस ठाऊकच आहे. तेथें निदान दोन तोतये एकदम उभे नव्हते.

शर्यतीच्या गाडींत फेरफार म्हणजे भ्रष्टता, हा समजही टाकून दिला पाहिजे. अशी गाडी म्हणजे चालू कीर्दवही. दर शर्यतीनंतर ती खोलावयाची, झिजलेलें काढावयाचें, नियम बदलला कीं रूप बदलावयाचें. जिच्यांत कांहींच बदललें नाहीं ती बहुधा फारशी धांवलेली नसते. बर्किन यांचेंच उदाहरण घ्या. साडेचार लिटरच्या बेंटलेस हवा दाबून भरणारा सुपरचार्जर बसविण्याचा ध्यास त्यांनीं घेतला व अ‍ॅम्हर्स्ट व्हिलियर्स यांच्याकडून तो करवून घेतला. बेंटले यांस स्वतःस हा प्रकार मुळींच पसंत नव्हता; आपल्या रचनेचा तो विपर्यास आहे असें त्यांचें मत शेवटपर्यंत राहिलें. शर्यतीच्या नियमासाठीं अशा पन्नास गाड्या विक्रीस काढाव्या लागल्या. त्यांनीं मोठी शर्यत एकही जिंकली नाहीं. १९३० सालीं पो येथील फ्रेंच ग्रां प्री शर्यतींत बर्किन दुसरे आले हीच मोठी कमाई. आणि आज संग्राहक ज्या बेंटल्यांवर जीव टाकतात त्यांत या "ब्लोअर" अग्रभागीं आहेत. कर्त्यानें नाकारलेला पाठ संप्रदायानें मान्य केला, असें पोथीच्या भाषेंत म्हणतां येईल.

तेव्हां फेरफार झाला कीं नाहीं हें विचारण्यापेक्षां तो केव्हां झाला, कोणीं केला व कशासाठीं केला हें विचारावें. शर्यतीच्या काळांत कारागिरानें पुढची शर्यत डोळ्यांपुढें ठेवून केलेला बदल हा गाडीच्या चरित्राचा भाग होय. पन्नास वर्षांनीं किंमत वाढविण्यासाठीं केलेला बदल क्षेपक. आणि याहून वाईट प्रकार तिसराच आहे. शांतपणें संसारी माणसांच्या सेवेंत राहिलेल्या, मूळच्या बंद टपाच्या कितीएक बेंटले गाड्यांचे टप उतरवून त्यांवर ल मांच्या धर्तीचे उघडे टप चढविण्यांत आले. त्या गाड्या कधीं शर्यतींत गेल्याच नव्हत्या. शर्यतीच्या "मूळ" रूपाच्या हव्यासानें तत्कालीन सुतारांचें व पत्रेकामाचें खरोखरीचें मूळ काम कायमचें नाहींसें झालें. जुन्या वहींतील कोरीं पानें फाडून त्यांवर थोरांचीं पत्रें तयार करणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. त्यांचें पत्र खोटें ठरतें, पण वहीही परत मिळत नाहीं.

परीक्षेचीं साधनें आमच्याच साधनांसारखीं आहेत. सांगाड्यावर व एंजिनावर ठोकलेले क्रमांक. त्या ठशांचें वळण. बुजविलेलीं छिद्रें, जीं पूर्वीं तेथें कोणता भाग होता हें सांगतात. शर्यतीच्या दिवशीं घेतलेलीं छायाचित्रें. बेंटल्यांच्या बाबतींत कारखान्याच्या दुरुस्तीच्या नोंदी सुदैवानें बऱ्याच टिकल्या आहेत, आणि कोणत्या तारखेस कोणता भाग काढला व घातला हें त्यांवरून कळतें. छिद्र बुजवून वर रंग देणारा जीर्णोद्धारक हा पुरावा पुसतो. इमारतींच्या जतनाविषयीं १९६४ च्या व्हेनिस येथील सनदेनें प्रत्येक काळाची भर राखावी असें सांगितलें. ऐतिहासिक वाहनांसाठीं पुढें ट्यूरिन येथील सनद त्याच धर्तीवर झाली.

उघड नकलेविषयीं आमची तक्रार नाहीं. बेंटले कंपनीनें २०१९ सालीं बर्किन यांच्या पथकांतील एक ब्लोअर खोलून, प्रत्येक भाग मोजून, तशाच बारा नव्या गाड्या करण्याचें जाहीर केलें. त्या नव्या म्हणूनच विकल्या गेल्या. छायाप्रतीस छायाप्रत म्हटलें कीं ती अभ्यासकाची मोठीच सोय.

ओल्ड नंबर वनची नोंद आमच्या सूचींत करावयाची झाली तर "अस्सल" या एका शब्दावर आम्ही ती सोडणार नाहीं. नोंद अशी असावी: बेंटले स्पीड सिक्स, एम. टी. ३४६४, परंपरा १९२९ पासून अखंड, दुसरा हक्कदार नाहीं, सांगाडा व एंजिन १९३२ च्या घडणीचीं, १९३० चे पेडलांचा दांडा, गियरपेटीचें कवच, सुकाणूचा खांब, १९२९ चें निश्चित असें कांहीं नाहीं, १९३२ च्या अपघातानंतर पुन्हा बांधलेली.