जुनी गाडी, नवे ब्रेक

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एडिसन नावाचं गाव आहे. तिथे आपली माणसं एवढी, की वाणसामानाच्या दुकानात रांगेत उभं राहिलं तरी मराठी कानावर पडतं. मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीच्या निमित्तानं तिथे गेलो आणि तिथलाच झालो. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं छोटं दुकान होतं. त्यामुळे लोखंडाचा कीस आणि ऑईलचा वास लहानपणापासून ओळखीचा. पुढे हाती संगणक आला आणि पाना सुटला. तो पुन्हा हाती आला एका मोटारीमुळे. १९६६ सालची फोर्ड मस्टँग!

एका परिचितांच्या गॅरेजमध्ये ती ताडपत्रीखाली कित्येक वर्षं पडून होती. दारावरच्या पट्टीवर क्रमांक होता, त्याची सुरुवात ६टी०७सी अशी. या अक्षरांत गाडीची जन्मपत्रिका असते. ६ म्हणजे १९६६ सालचं मॉडेल, ०७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, सी म्हणजे २८९ घनइंची, म्हणजे सुमारे पावणेपाच लिटरचं व्ही-८ इंजिन. आणि टी म्हणजे मेटचन कारखाना. नाव मेटचन असलं तरी हा कारखाना होता एडिसनमध्येच, रूट १ या हमरस्त्यावर. म्हणजे गाडी माझ्याच गावची निघाली. मग मोह आवरला नाही.

या गाड्यांना ‘मसल कार’ म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. बेताच्या आकाराच्या, सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत दांडगं इंजिन बसवायचं, ही त्यामागची कल्पना. १९६४ साली पाँटियाक जीटीओ आली आणि ही लाट सुरू झाली. त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात मस्टँग लोकांसमोर आली. किंमत २,३६८ डॉलरपासून. दोन वर्षांच्या आत दहा लाख गाड्या तयार झाल्या. काटेकोर माणसं मस्टँगला मसल कार न म्हणता ‘पोनी कार’, म्हणजे तट्टू म्हणतात. पण व्ही-८ सुरू झालं, की हा वाद कुणाला ऐकूही येत नाही. १९७० नंतर प्रदूषणाचे कायदे, विम्याचे वाढते हप्ते आणि १९७३ची तेलटंचाई यांनी ही लाट ओसरली.

जुनी गाडी दुरुस्त करायची म्हणजे आधी इंजिन उघडायचं, असं आपल्याला वाटतं. खरा शत्रू असतो गंज. मस्टँगला वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पेट्या आणि बाजू मिळूनच सगळा भार पेलतात. त्यामुळे तळ सडला, तर घराचा पायाच सडला. पुढच्या काचेखाली हवा आत घ्यायची जाळी असते. तिच्यातून पानं आणि पाणी आत जातं, साचतं, आतला पत्रा खातं आणि एके दिवशी शेजारी बसलेल्याच्या पायांवर ठिबकू लागतं. तिथे पोहोचायला वेल्डिंगचे ठिपके एकेक करून ड्रिलनं काढावे लागतात. तळ कापण्याआधी दारांच्या चौकटीत लोखंडी आडव्या पट्ट्या मारून घ्यायच्या. नाहीतर गाडी मधोमध वाकते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. पुटी भरून वर रंग मारला तर गाडी फोटोत छान दिसते, पण आतला गंज वाढतच राहतो. माझ्या आणि माझ्या मुलीच्या दोन हिवाळ्यांच्या सुट्ट्या या पत्र्यातच गेल्या.

इंजिनाला वेळ कमी लागला. कागदावर त्याची ताकद २०० अश्वशक्ती. पण त्या काळी ती मोजताना इंजिन टेबलावर ठेवत, त्याला पंखा, एअर फिल्टर, गाडीचा सायलेन्सर असलं काही ओझं जोडत नसत. १९७२पासून अमेरिकी कंपन्या या सगळ्यासकट मोजलेला आकडा देऊ लागल्या आणि आकडे एकदम खाली आले. तेव्हा जुन्या आकड्यांनी फार हुरळून जाऊ नये.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असे आणि त्याचा पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकीला जपत असे. अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी ते १९९६ साली पूर्ण बंद झालं, आपल्याकडे २०००मध्ये. म्हणून हेड उतरवून कठीण पोलादाच्या नव्या सीट बसवून घेतल्या. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला खातं, म्हणून पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून तिथे इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं. ते झाकणाखाली लपतं, बाहेरून कळतही नाही.

ब्रेक मात्र मी मूळचेच ठेवले. चारही चाकांना ड्रम. शू नवे, चाकांचे सिलिंडर नवे, पण मागे जाणारी पोलादी नळी वरून चांगली दिसली म्हणून तशीच राहू दिली. ‘जितकं मूळचं, तितकं मोल जास्त’ असं मी मुलीला ऐटीत सांगतही होतो.

पहिल्यांदा गाडी बाहेर काढली तेव्हा ती शेजारच्या सीटवर होती. आमची गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते, तिथे मी ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला टेकलं. डॅशबोर्डखाली डाव्या हाताला हातब्रेकची मूठ असते, ती ओढली. त्याची तार वेगळी असल्यामुळे मागचे शू लागले आणि गाडी कोपऱ्यावर थांबली. समोरून ट्रक गेला. क्लिपेखाली, जिथे नजर पोहोचत नाही, तिथे ती नळी गंजून फुटली होती. मुलगी थोड्या वेळानं एवढंच म्हणाली, ‘‘बाबा, मी चालवत असते तर?’’ तिला त्या वर्षी परवाना मिळायचा होता. हातब्रेकची मूठ कुठे आहे, हे मी तिला दाखवलंही नव्हतं.

त्या काळच्या या गाडीत ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा असे. नळी कुठेही फुटली, की चारही चाकांचा ब्रेक जातो. १९६७च्या मॉडेलपासून मस्टँगला दोन कप्प्यांचा सिलिंडर आला. पुढच्या चाकांचा एक, मागच्यांचा दुसरा. एक गेला तरी दुसरा उरतो. ड्रमची आणखी एक खोड आहे. उतारावर सारखा ब्रेक दाबला, की ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो आणि पकड सुटते. डिस्क उघडी असते, वाऱ्यावर लवकर थंड होते.

मग पुढे डिस्क, दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आणि सगळ्या नळ्या नव्या घातल्या. मागची चाकं आधी अडकून गाडी फिरू नये, म्हणून मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला. कमरेच्या पट्ट्यांच्या जागी खांद्यावरून येणारे पट्टे लावले, त्यांच्या बोल्टसाठी खांबाला आतून मजबुती दिली. बायस प्लाय टायर जाऊन रेडियल आले.

मूळचं ठेवायचं की बदलायचं, यावर जुन्या गाड्यांचे शौकीन तासन् तास भांडतात. मी एक साधा हिशोब ठेवला आहे. रंग, सीटचं कापड, घड्याळं, इंजिनाचा आवाज हे त्या काळाचं, ते जपायचं. माणसाचा जीव ज्यावर आहे, ते आजचं घालायचं. शक्यतो न कापता, बोल्टनं बसेल असं घालायचं. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवायचा. उद्या कुणाला ही गाडी संग्रहालयात ठेवायची असेल, तर त्याला ती पेटी मिळेल.

एडिसनचा तो कारखाना २००४ साली बंद झाला. आता तिथे दुकानं आहेत. परवाना हाती आल्यावर मुलीनं पहिल्यांदा गाडी तिकडेच नेली. या वेळी शेजारच्या सीटवर मी होतो. रूट १वर सिग्नल लाल झाला, तिनं ब्रेक दाबला आणि गाडी सरळ रेषेत थांबली. माझा हात मात्र सवयीनं त्या मुठीकडे गेला होता. ती हसली आणि म्हणाली, ‘‘मला माहीत आहे ती कुठे आहे ते.’’

(नभोवाणी भाषणावरून संपादित)