मुलांचा खेळ, घरची साथ आणि हृदयाचे आरोग्य



उसाची लागण करताना आपण बेणे पारखून घेतो, कारण पुढचे टनेज त्यावर ठरते हे आपल्याला पक्के ठाऊक असते. मुलांच्या प्रकृतीचेही तसेच आहे. चाळिशी-पन्नाशीत छातीत कळ येते तेव्हा आपण डॉक्टरकडे धावतो, पण त्या दुखण्याची सुरुवात बहुधा लहानपणीच झालेली असते. तिला आवर घालण्याचे कामही लहानपणी, आणि घरातूनच, सुरू करावे लागते. त्याविषयी चार गोष्टी येथे मांडत आहोत.

शरीरातला पंप

हृदय म्हणजे स्नायूचा पंपच. विहिरीवरची मोटार लाईट गेली की थांबते, या पंपाला मात्र जन्मभर सुट्टी नाही. मोठ्या माणसाचे हृदय दिवसाकाठी सुमारे १ लाख ठोके देते. पळणे, पोहणे, कबड्डी, खो-खो असे दमसास लागणारे खेळ नियमाने खेळले की हा स्नायू बळकट होतो, एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतो आणि विश्रांतीच्या वेळी कमी ठोक्यांत काम भागवतो. कसलेल्या धावपटूची नाडी सावकाश चालते ती यामुळेच.

दुसरी बाजू पाइपलाइनची. ठिबकच्या नळीत क्षार साचले की शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. तशीच रक्तवाहिन्यांत चरबी साचत जाते. अमेरिकेत लुइझियाना राज्यातील बोगालुसा या लहान गावी १९७३ साली मुलांच्या हृदयाच्या आरोग्याचा अभ्यास सुरू झाला व तो पुढे कित्येक वर्षे चालला. चरबीचे हे थर बालपणीच दिसू लागतात, आणि जादा वजन, रक्तदाब व कोलेस्टेरॉल असलेल्यांत ते अधिक असतात, असे त्यातून पुढे आले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल हवी, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस चांगला दम लागेल असा खेळ हवा.

तासभर आणायचा कुठून?

आता आपल्या घरात डोकावून बघू. सकाळी शिकवणी, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवणी आणि रात्री मोबाईल. शाळा दीड मैलावर असली तरी पोरगं मोटारसायकलवर मागे बसून जातं. मुलगी सातवी-आठवीत गेली की "आता मोठी झालीस, पुरे झाला खेळ" असे ऐकवले जाते. भांडी-धुणी, धाकट्या भावंडांना सांभाळणे तिच्याकडे येते. भावाला मैदान मोकळे आणि तिला बंद! हृदय तर दोघांनाही सारखेच आहे.

ज्या मुलांना घरची साथ मिळाली त्यांनी काय करून दाखवले ते आपल्या भागाने पाहिले आहे. कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत ब्राँझपदक मिळवले. त्यांचे वडील दादासाहेब स्वतः पैलवान. कुस्तीचे पहिले धडे खाशाबांना घरातच मिळाले. दुष्काळी माण तालुक्यातील मोहीची शेतकऱ्याची लेक ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. सगळ्यांचीच मुले पदक आणणार नाहीत, आणि त्याची गरजही नाही. पण धडधाकट काळीज प्रत्येकाच्या वाट्याला येऊ शकते.

त्यासाठी घरच्यांनी एवढे करावे :

१) खेळाचा तास ठरवून द्यावा व त्या वेळेत मुलाला किंवा मुलीला काम सांगू नये.

२) अधूनमधून मैदानावर जाऊन उभे राहावे. हरल्यावर चारचौघांत बोलू नये. बोलणी खाऊन पोर खेळच सोडते.

३) जेवणात भाकरी, डाळी, मोडाची कडधान्ये, भाज्या, दूध, शेंगदाणे असावेत. वडे, फरसाण, बाटलीतली गोड पेये रोज नकोत.

४) आई-वडिलांनीही चालावे. बाप तंबाखू मळत किंवा विडी ओढत पोराला व्यायाम सांगू लागला तर पोर काय शिकणार? घरातला विडीचा धूर तर मुलांच्याही छातीत जातो.

या खुणा अंगावर काढू नका

पळताना मूल चक्कर येऊन पडले, छातीत दुखते म्हणाले, बरोबरीच्या मुलांपेक्षा लवकर धापा टाकू लागले, किंवा ओठ निळसर दिसले, तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. "ऊन लागलं असेल" म्हणून सोडून देऊ नये. घराण्यात कोणी पन्नाशीच्या आत अचानक दगावले असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ही माहिती फक्त घरच्यांकडेच असते.

आणखी एक. घसा दुखून ताप आला आणि दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजू लागले, तर तो सांधेहृदयज्वर असू शकतो. ५ ते १५ वर्षांच्या मुलांत तो जास्त आढळतो व हृदयाच्या झडपा बिघडवतो. घसादुखीवर डॉक्टरांनी दिलेले औषध बरे वाटले तरी मध्येच बंद करू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. जन्मजात हृदयदोष अशा तपासणीत वेळीच ध्यानात येऊ शकतो.

हंगामात आपल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते हे आम्ही जाणतो. तोडणी, वाहतूक, पाण्याची पाळी यातून संध्याकाळचा एक तास मुलांसाठी मोकळा करणे सोपे नाही. तरीही सभासद कुटुंबांनी तो करावा, आणि मुलाइतकाच मुलीसाठीही करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.